उताणं पडून पाहिलेली काटेसावर: फिशआय लेन्सने निष्पर्ण झाडं टिपताना

पुरंदरमधल्या एका बांधावर सतरंजी टाकून मी काटेसावरीखाली उताणा पडलो होतो. जानेवारी संपत आला होता, झाडावर एक पान नव्हतं, कळ्या नुकत्या कुठे फुगायला लागल्या होत्या. शेजारच्या रानातून एक बाबा विळा हातात घेऊन आले, थोडा वेळ नुसते उभे राहिले आणि मग म्हणाले, "मोजणीवालं का तुमी? रस्ता निघालाय का हितनं?"

"नाही बाबा, झाडाचा फोटो काढतोय."

"ह्या खराट्याचा? शिमग्याला या की. लालभडक होतंय."

मला खराटाच हवा होता. फिशआय म्हणजे तब्बल १८० अंशांचं दृश्य एका चित्रात घेणारी आणि ते करताना रेघा वाकवणारी लेन्स. ती पानांनी भरलेल्या झाडाखाली धरली की हिरवा ढीग दिसतो आणि त्यात मधेमधे आभाळाची भोकं. तेच झाड पानं टाकून मोकळं झालं की प्रत्येक डहाळी ही एक रेघ होते. या लेन्सला रेघांचीच भूक असते. शिवाय फिशआयमधून इमारत पाहिली की डोळा लगेच तक्रार करतो, कारण भिंत सरळ असते हे आपल्याला ठाऊक असतं. फांदीने सरळ असावं असा काही नियम नाही. लेन्सने ती आणखी थोडी वाकवली तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

झाड कुठलं, महिना कुठला

निष्पर्ण झाड म्हटलं की कॅलेंडरवरचं बर्फातलं झाड आठवतं आणि आपल्याकडे तसलं काही नसतं असं वाटतं. आपल्याकडची पानगळ थंडीपेक्षा पाण्याच्या ओढीने जास्त होते, त्यामुळे ती डिसेंबरात सुरू होऊन टप्प्याटप्प्याने पार मेपर्यंत चालते. म्हणजे हंगाम चांगला सहा महिन्यांचा आहे, फक्त झाडं बदलत जायला हवीत.

सुरुवात काटेसावरीपासून करा. तिच्या फांद्या खोडापासून मजल्यामजल्याने, जवळजवळ आडव्या निघतात. खालून वर पाहिलं तर त्या चाकाच्या आऱ्यांसारख्या दिसतात, आणि फिशआयसाठी याहून सोयीची रचना मला माहीत नाही. डिसेंबर-जानेवारीत ती पानं टाकते. जानेवारी अखेरीपासून फुलं येतात, तेव्हा नुसत्या रेघा हव्या असतील तर त्याआधी जा. होळीसाठी काही गावांत शेवर, म्हणजे हीच काटेसावर, तोडतात, म्हणून आवडलेलं झाड पुढच्या वर्षावर ढकलू नका.

पुण्याच्या टेकड्यांवर फिरणाऱ्यांना उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, हाताशी आहे. एक-एक झाड तसं यथातथाच, पण दाटीने लावलेल्या बारीक खोडांची जाळी चांगली येते. फेब्रुवारीत त्याच नागड्या काठ्यांना फिकट गुलाबी फुलं लागतात. पळसाचं खोड मुळातच वेडंवाकडं असतं, त्याला लेन्सने आणखी पीळ दिला की कधीकधी जास्तच होतं. साग फेब्रुवारी-मार्चात रिकामा होतो. सागाची लागवड सरळसोट खोडांची असते, त्याचा उपयोग पुढे सांगतो. उघड्या खडकाळ उतारावर कांडोळ भेटला तर सोडू नका. पांढरट, कागदासारखी सुटणारी साल आणि महिनोन् महिने पान नाही, म्हणून लोक त्याला भुत्या म्हणतात. वसईच्या किल्ल्यातल्या गोरखचिंचा उन्हाळ्याच्या तोंडावर मोकळ्या होतात. त्यांचा बुंधा एवढा अगडबंब की साध्या लेन्सने तो पूर्ण घ्यायचा तर मागे सरकत सरकत भिंतीला पाठ लागते.

आणि घराजवळच सराव करायचा असेल तर देवळातला चाफा. ठेंगणा असतो, फांद्या जाडजूड, वाऱ्याने हलत नाहीत, पुजारीबुवा फार तर "काय शोधताय?" एवढंच विचारतात.

लेन्सबद्दल थोडक्यात

फिशआय दोन जातींची. एक जात चौकटीच्या आत पूर्ण गोल चित्र उमटवते आणि भोवती काळं सोडते. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर साधारण ८ मिमीची लेन्स असं करते (हा लेन्सच्या फोकल लेंग्थचा आकडा, जितका लहान तितका आवाका रुंद). दुसरी जात चौकट भरून टाकते, आणि १८० अंशांचा आवाका फक्त एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मिळतो. फुल फ्रेमवर ती १५-१६ मिमीची, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर ८ ते १०.५ मिमीची असते. कॅननची ८-१५ मिमी झूम फुल फ्रेमवर ही दोन्ही कामं करते. झाडांसाठी मी चौकट भरणारी जात सुचवेन. गोल चित्र पहिल्या दहा फोटोंत भारी वाटतं, अकराव्याला कंटाळा येतो.

ऑटोफोकस नसलेली हाताने फिरवायची लेन्स घेतली तरी इथे काही अडत नाही. सॅमयांगची ८ मिमी एफ/३.५ किंवा टीटीआर्टिझनची ११ मिमी एफ/२.८ अशा लेन्स त्यासाठी पुरेशा आहेत (एफ/चा आकडा म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं आहे त्याचं माप, आकडा लहान तितकं भोक मोठं). आभाळासमोरच्या बारीक डहाळ्यांवर ऑटोफोकस तसाही भरकटतोच.

लेन्स सेकंडहँड घेतली तर एक गोष्ट पहिल्याच दिवशी तपासा. माझ्याकडच्या लेन्सवरची अनंताची खूण, म्हणजे खूप लांबच्या गोष्टींवर फोकस बसण्याची जागा, चुकीची होती. पहिला सबंध हंगाम मी त्या खुणेवर विसंबून फोटो काढले आणि मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा सगळ्या शेंड्यांना मऊपणा आलेला. लांबचा मोबाइल टॉवर लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, दहापट मोठा करून फोकस करा आणि खरी जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने लेन्सवर नोंदवून ठेवा.

या लेन्सच्या वंशावळीत झाडांचा संबंध आहे. फिशआय हा शब्द अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ साली वापरला. पाण्याखालून माशाला वरचं जग कसं दिसत असेल, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे १९२४ मध्ये केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी ढगांसकट अख्खं आकाश एका फोटोत घेण्यासाठी लेन्स तयार केली. प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात ज्या हिल यांचं नाव येतं, तेच हे हिल. १९५९ साली इव्हान्स आणि कूम्ब या दोघा संशोधकांनी असे पूर्ण आकाशाचे फोटो जंगलाच्या छताखालून काढून जमिनीवर किती प्रकाश पोचतो याचा हिशेब मांडला, आणि वनशास्त्रात ही पद्धत आजही वापरात आहे. तेव्हा झाडाखाली उताणं पडण्याला बरी परंपरा आहे.

मध्य सांभाळा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही: फ्रेमच्या मध्यबिंदूतून जाणारी रेघ फिशआयमध्ये सरळच राहते. मध्यापासून जितकी दूर, तितकी ती बाहेरच्या बाजूला फुगते.

क्षितिज बरोबर मध्यावर ठेवलं की ते पट्टीने आखल्यासारखं सरळ येतं. कॅमेरा जरा वर केला की क्षितिज फ्रेममध्ये खाली जातं आणि जमीन वाटीसारखी होते. खाली झुकवला तर क्षितिज वर सरकतं आणि माळरानाचा घुमट होतो. खोड मधोमध असेल तर ताठ, डाव्या कडेला असेल तर डावीकडे फुगलेल्या कंसासारखं, उजवीकडे असेल तर त्याच्या उलट.

म्हणून व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर पहिला प्रश्न स्वतःला हा विचारायचा: या चित्रात सरळ काय राहायला हवं? ते मध्यातून न्या. बाकी वाकू द्या. अर्धवट वाकलेलं क्षितिज मात्र चूक म्हणूनच दिसतं, तेव्हा ठेवायचं तर सरळ, नाहीतर खुशाल मोठा घुमट करा.

आता याच नियमाची गंमत. कॅमेरा थेट डोक्यावर रोखला की आजूबाजूची सगळी उभी खोडं एकाच बिंदूकडे, माथ्याकडे, धावतात. तो बिंदू फ्रेमचा मध्य असेल तर प्रत्येक खोड मध्यातून निघणारी रेघ होते, म्हणजे प्रत्येक खोड सरळ येतं. जगातल्या सगळ्यात वाकड्या लेन्सने सागाच्या लागवडीतला एकही साग वाकत नाही. हे पहिल्यांदा स्वतःच्या स्क्रीनवर पाहिलं तेव्हा मी लेन्स काढून पुन्हा एकदा तपासली होती.

निघण्यापूर्वी

अंगावर काय घालता याला कॅमेऱ्याइतकंच महत्त्व आहे. हिवाळ्यातल्या गवतात कुसळं असतात, ती लोकरीत आणि सुती पायमोज्यांत घुसली की संध्याकाळ ती काढण्यात जाते. गुळगुळीत कापडाची पँट, पूर्ण बाह्या आणि जाड सतरंजी किंवा खताचं रिकामं पोतं घ्या. झुडपांवर तपकिरी, लवदार शेंगांचे घोस लटकत असतील तर ती खाजकुइली आहे. तिच्या खालच्या बाजूला, वारा तिकडून येत असताना, झोपू नका. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये.

वर बघा. काटेसावरीच्या उंच आडव्या फांद्यांना आग्या मोहोळं लटकतात. दिसलं की फ्लॅश नाही, ड्रोन नाही, शिट्टी नाही आणि शक्यतो दुसरं झाड. खाली उसाचं रान असेल आणि भाग बिबट्याचा असेल, जुन्नरकडे आहे तसा, तर दिवस कलल्यावर जमिनीवर झोपून फोटो काढायचे नाहीत. बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो.

झाड हेरायला लेन्स लागत नाही. मोबाइलचा अल्ट्रावाइड पुरतो. त्यात जे मावलं ते फिशआयमध्येही मावेल आणि भोवतालचं आणखी बरंच काही आत येईल एवढं गृहीत धरा. पिशवीत ब्लोअर आणि मऊ कापड ठेवा, कारण या लेन्सची पुढची काच बाहेर फुगलेली असते, तिच्यावर साधा फिल्टर बसत नाही आणि सावरीचे काटे काचेला विचारून टोचत नाहीत.

उताणं पडून

हा फोटो जमला की बाकीचे जमतात, म्हणून याच्यावर वेळ घालवा.

झाडाच्या बुंध्याकडे डोकं करून झोपा. डोकं आणि बुंधा यांत एक-दोन हात अंतर ठेवा. चिकटून झोपलात तर अर्धी फ्रेम खोडच खाईल, फार लांब गेलात तर झाड एका कोपऱ्यात जाऊन बसेल. सागाच्या रांगांत असाल तर चार झाडांच्या बरोबर मधोमध झोपा.

कॅमेरा मॅन्युअल मोडवर, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० किंवा २००. फोकस हाताने एक मीटरवर. गणित असं आहे की एपीएस-सीवर ८ मिमी लेन्स एफ/८ ला एक मीटरवर फोकस केली तर साधारण तीस सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फुल फ्रेमवर १५ मिमी असेल तर अर्ध्या मीटरपासून. एकदा फोकस बसला की रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा आणि विसरा.

स्क्रीनवर चौकटीच्या जाळीरेषा चालू करा. वर रोखल्यावर अनेक कॅमेऱ्यांची लेव्हल दाखवणारी रेघ गोंधळून जाते, तिच्यावर विसंबू नका. आजूबाजूची खोडं ज्या बिंदूकडे धावताहेत तो बिंदू जाळीच्या मध्याला आणा. एकटंच झाड असेल तर चारही कोपऱ्यांत जमीन किंवा डोंगर सारखाच डोकावतोय का ते पाहा.

आता सूर्य. चौकट भरणाऱ्या फिशआयचा आवाका सगळीकडे सारखा नसतो. माथ्यापासून मोजलं तर फ्रेमच्या आखूड दिशेला साधारण ४७ अंश, लांब दिशेला ७४ अंश आणि फक्त कोपऱ्यांत ९०. म्हणजे सूर्य क्षितिजापासून ४० अंशांच्या खाली असेल आणि तुम्ही फ्रेमची लांब कड त्याच्याकडे केलीत, तर तो चित्राबाहेर राहतो. सोपं करून सांगायचं तर कॅमेरा आडवा धरा आणि डोकं किंवा पाय सूर्याकडे करून झोपा. २१ डिसेंबरला पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ हा डाव सहज साधतो. भर दुपारी मात्र सूर्य फ्रेममध्ये येणारच. मग त्याला खोडामागे किंवा जाड फांदीमागे लपवा.

श्वास सोडा, अर्धा थांबवा, शटर दाबा. वारा असेल तर १/२५० सेकंदाच्या खाली जाऊ नका. शेंड्याच्या डहाळ्या खालून वाटतात त्यापेक्षा खूप हलतात. डाव्या हाताची बोटं लेन्सच्या खाली नेहमीच्या सवयीने पुढे सरकतात, ती मागे घ्या. माझ्या पहिल्या वर्षीच्या कितीतरी फोटोंत खालच्या कडेला एक गुलाबी ढग आहे. तो अंगठा आहे.

त्या दिवशी बाबांना स्क्रीनवर हा फोटो दाखवला. ते झाडाकडे बघेचनात. कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे आमचं घर हाय. पडाय झालंय की!" घर मध्याकडे तोंड करून आडवं झालं होतं. कोपऱ्यांत ९० अंश येतात ते असे.

बुंध्याला खेटून

फिशआय लांबून लावली की झाड हरवतं. १५ मीटर उंचीचं झाड चाळीस मीटरवरून फ्रेममध्ये अंगठ्याएवढं दिसतं. तेच झाड कॅमेरा उभा धरून, किंचित वर करून, तीन-चार मीटरवरून बुडापासून शेंड्यापर्यंत मावतं. आणि त्याहून पुढे जायची तयारी असेल तर खोडापासून फूटभरावर या.

काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे असतात. लेन्स त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि वरच्या बाजूला रोखा. जवळचा काटा मुठीएवढा दिसतो, त्यामागे खोड एकदम निमुळतं होत आभाळात घुसतं आणि वर फांद्यांचं चक्र. त्या काट्यांच्या बुडाशी सालीच्या बारीक कड्या असतात, एकावर एक चढलेल्या वर्तुळांसारख्या. सकाळचं तिरपं ऊन लागलं की प्रत्येक कडी सावली टाकते. हा तपशील फोटोत आला तर उरलेलं झाड थोडं कमी-जास्त असलं तरी चालतं.

अंतर इंचांत बदलून पाहा. या लेन्सने पावलाभराचा फरक म्हणजे निराळा फोटो. मी एका खोडाभोवती गोल फिरत प्रत्येक चार पावलांवर तीन उंचींवरून काढतो, घोट्यापाशी, गुडघ्यापाशी आणि छातीपाशी. त्यातले बहुतेक घरी गेल्यावर पुसतो.

उभं राहून

माळावरचं एकटं झाड, बांधावरची दोन-तीन झाडं, तळ्यातलं प्रतिबिंब, यासाठी क्षितिज मध्यावर ठेवण्याची पद्धत बरी. दोन झाडं असतील तर त्यांच्या मधोमध उभे राहा. दोन्ही खोडं कडेला गेल्यामुळे बाहेर फुगतात, शेंडे वर एकमेकांकडे झुकतात आणि देवळाच्या कमानीसारखा आकार तयार होतो. मध्ये रिकामं आभाळ राहतं, तिथे काहीतरी हवं: एखादी घार, चंद्रकोर, लांबचा डोंगर. नसेल तर फोटो काढू नका, कमान नुसती उभी राहते.

सूर्य पाठीशी असला की तुमची सावली फ्रेममध्ये येणारच, या लेन्सपासून ती लपत नाही. ती बुंध्याच्या सावलीत मिसळेल अशा जागी उभे राहा किंवा खाली बसा. विजेच्या तारांचंही तसंच, लांब वाटतात आणि फोटोत आडव्या येतात.

उजेड

महाराष्ट्रातल्या जानेवारी-फेब्रुवारीचं आभाळ खरं म्हणजे रटाळ असतं. ढग नाहीत, निळाई धुरकट. आभाळ गडद करणारा पोलरायझर फिल्टर लावता येत नाही, आणि लावता आला असता तरी एवढ्या मोठ्या आकाशात एक पट्टा गडद आणि बाकीचं फिकट आलं असतं. यावर दोन उपाय मला पटतात. एक, सूर्योदयाआधीची वीस-पंचवीस मिनिटं. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तेव्हा साडेसहाला झाडाखाली हवं. पूर्वेला नारिंगी, माथ्यावर गडद निळं, आणि फिशआय ही दोन्ही टोकं एका चित्रात घेते. दुसरा, आभाळ फिकट आहे हे मान्य करून कृष्णधवलचा विचार करायचा. पांढऱ्या आभाळावर काळ्या रेघा, शाईने काढल्यासारख्या.

उजेडाचं मोजमाप आभाळावर घ्या, सूर्यापासून दूरच्या तुकड्यावर. निळं आभाळ असेल तर कॅमेरा सांगतो तेवढंच ठेवा. पांढुरकं असेल तर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्या, नाहीतर ते राखाडी येईल. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकता कामा नये. सूर्याचा स्वतःचा ठिपका जळणार, तो जळू द्या. चांदणीसारखी किरणं हवी असतील तर एफ/१६ करा आणि सूर्य फांदीच्या कडेवर अर्धा झाका. अ‍ॅपर्चरच्या (लेन्सच्या भोकाच्या) पाती सम असतील तर पात्यांइतकीच किरणं येतात, विषम असतील तर दुप्पट. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका, स्क्रीन वापरा.

खोडाची साल दिसायला हवी असेल तर फ्लॅशचा उपयोग नाही, त्याचा उजेड १८० अंश पोचतच नाही, मध्येच गोळा होतो. वाळलेलं पिवळं गवत चांगला परावर्तक आहे. ऊन त्याच्यावर पडलं की बुंधा खालून आपोआप उजळतो. नांगरलेल्या काळ्या रानात हे होत नाही. तीन वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो एकत्र करायचा मोहही आवरा, डहाळ्या हललेल्या असतात आणि प्रत्येक शेंड्याला भूत दिसतं.

रात्री

कांडोळ आणि पौर्णिमा हा योग जमला तर एफ/३.५, आयएसओ ८००, दहा सेकंद यापासून सुरुवात करा. साल चुना लावल्यासारखी चमकते. ताऱ्यांसाठी अमावास्येच्या आसपास एफ/३.५, आयएसओ ३२००, पंचवीस ते तीस सेकंद. एवढ्या रुंद लेन्समध्ये तेवढ्या वेळात तारे फारसे लांबत नाहीत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास मृग दक्षिणेकडे, जवळजवळ माथ्यापाशी असतो. निष्पर्ण फांद्यांमधून तो शोधत झोपायचं, सोबत दुसरं माणूस असायला हवं आणि जागेची परवानगीही.

संगणकावर

काळ्या डहाळ्या आणि उजळ आभाळ यांच्या कडेला जांभळी-हिरवी किनार येते, कोपऱ्यांत जास्त. निष्पर्ण झाड म्हणजे या दोषाची परीक्षाच. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी अशा कुठल्याही फोटो-प्रोग्रॅममध्ये ही किनार काढायची सोय आहे, पण आधी शंभर टक्के मोठं करून चारही कोपरे बघा. शार्पनिंग हात राखून करा, नाहीतर डहाळ्या तारेच्या होतात.

फिशआयचा बाक काढून टाकायची सोयही मिळते. ह्यूगिन हा मोफत प्रोग्रॅम ते चांगलं करतो. झाडांच्या बाबतीत मी ते क्वचितच वापरतो. बाक काढला की कोपरे ताणले जातात, तिथल्या फांद्या रबरासारख्या लांब होतात आणि कडा कापाव्या लागतात. क्षितिज थोडंसं चुकलं असेल तर तेवढंच सावरून घ्या.

बाबांच्या घरासाठी मी ते करून पाहिलं. घर सरळ झालं आणि सावरीच्या तीन फांद्यांचे शेंडे गेले. तो प्रयोग पुसला, वाकडाच फोटो छापला आणि शिमग्याच्या आधी त्यांना नेऊन दिला.

माथ्याकडे रोखून काढलेल्या फोटोची वरची बाजू कुठली, हा प्रश्न छापताना येतोच. उत्तर दिशा वर ठेवली तर पूर्व डावीकडे येते, ताऱ्यांच्या नकाशात असते तशी, कारण आपण खालून बघत असतो. मी सहसा सगळ्यात जाड फांदी खाली येईल असा ठेवतो, चित्राला बूड मिळतं. बाबांनी प्रिंट हातात घेतली, एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली आणि आपलं घर खाली येईल अशी धरली.